मूर्च्छा व अपस्मार : एका निदानभेदाचा इतिहास

मनुष्य चालतां-बोलतां एकाएकीं बेशुद्ध होऊन पडला म्हणजे भोंवतालच्या लोकांच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. हा मेला कीं काय हा पहिला. आणि मेला नसल्यास यास फेपरें तर नाहीं ना, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर घटकाभरांत मिळतें. दुसऱ्याचें उत्तर मात्र चुकीचें मिळालें तर तें त्या मनुष्यास जन्मभर भोंवतें. घेरी येऊन पडणें आणि अपस्माराचा झटका येणें या दोन अवस्था वरवर पाहतां सारख्या, परंतु कारणानें, परिणामानें व उपचारानें अगदीं भिन्न आहेत. हा भेद मनुष्यानें केव्हां ओळखला, कोणत्या लक्षणांवर तो उभा केला, आणि त्यांतील कोणतीं लक्षणें पुढील शोधांच्या कसोटीस उतरलीं, याचा थोडक्यांत विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विषयावर लिहिणारांचे सामान्यतः दोन पंथ दिसतात. आमच्या पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें असें एक पंथ म्हणतो. जुन्या ग्रंथांत कल्पनेवांचून कांहीं नाहीं असें दुसरा म्हणतो. दोघांसही मूळ वचनें शांतपणें वाचण्याची गरज वाटत नाहीं. आम्ही येथें वचनांपासूनच आरंभ करितों.

प्रथम शब्दांचा विचार करूं. ‘मूर्च्छ्’ या संस्कृत धातूचे घट्ट होणें, वाढणें आणि मोह पावणें असे अनेक अर्थ आहेत. संगीतांतील मूर्च्छना आणि रसशास्त्रांतील मूर्च्छित पारद हे शब्द त्याच धातूचे. ‘अपस्मार’ म्हणजे स्मृतीचा अपगम, आठवण नाहींशी होणें. ग्रीक वैद्यांनीं याच दोन अवस्थांना दिलेलीं नांवें निराळ्या दृष्टीचीं आहेत. त्यांच्या ‘सिंकोपी’ या शब्दाच्या मुळाशीं तोडण्याचा अर्थ आहे, व ‘एपिलेप्सी’च्या मुळाशीं झडप घालून पकडण्याचा. एकांत कांहींतरी तुटतें, दुसऱ्यांत कांहींतरी येऊन धरतें. मराठींतही व्यवहारांतील शब्दांनीं हा भेद बराच राखला आहे. भोवळ, घेरी, झीट, डोळ्यांपुढें अंधारी हे शब्द एका बाजूचे. फेपरें, मिरगी, आंकडी हे दुसऱ्या बाजूचे. भोवळ आली असें कोणी कोणाविषयीं सहज बोलतो; फेपरें आलें असें मात्र दबक्या आवाजांत बोलतात. या दबक्या आवाजाचा विचार लेखाच्या शेवटीं करावयाचा आहे.

आतां चरकसंहिता पाहूं. सूत्रस्थानाच्या चोविसाव्या, विधिशोणितीय नांवाच्या अध्यायांत मद, मूर्च्छा व संन्यास अशा तीन उत्तरोत्तर बलवान् अवस्था वर्णिल्या आहेत. संहितेचा जो भाग दृढबलानें मागाहून पूर्ण केला त्यांत चिकित्सास्थानाचे सतरा अध्याय आणि कल्प व सिद्धि हीं स्थानें येतात. सूत्रस्थान त्यांत येत नाहीं. तेव्हां प्रस्तुत विवेचन संहितेच्या जुन्या थरांतील मानावयास हरकत नाहीं.

मूर्च्छेचीं जीं लक्षणें तेथें दिलीं आहेत तीं पडणाऱ्याच्या अनुभवाकडून घेतलेलीं आहेत, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. वातानें मूर्च्छा येणाऱ्यास आकाश निळें, काळें किंवा तांबूस दिसतें, मग तो अंधारांत शिरतो व लवकर शुद्धीवर येतो. पित्तानें येणाऱ्यास तें लाल, हिरवें किंवा पिवळें दिसतें, व तो घामानें डवरून जागा होतो. कफानें येणाऱ्यास आकाश ढगांनीं भरल्यासारखें वाटतें, अंगें ओल्या चामड्यांत गुंडाळल्यासारखीं जड होतात, मळमळतें, आणि शुद्धीवर यावयास वेळ लागतो. डोळ्यांपुढें रंग फिकटणें किंवा अंधारी येणें, घाम, मळमळ, हातापायांचें जडपण हीं सर्व लक्षणें आजचा वैद्यही घेरीच्या रोग्यास विचारतो. तीन दोषांची वांटणी आज कोणी स्वीकारो वा न स्वीकारो, निरीक्षण खरें आहे.

पुढें तिन्ही दोषांच्या सन्निपातानें होणाऱ्या मूर्च्छेचें वर्णन येतें, आणि आमच्या विषयाचें मर्म तेथें आहे. ही मूर्च्छा अपस्मारासारखी येते व मनुष्यास तत्काळ पाडते. परंतु तिच्यांत ‘बीभत्स चेष्टा’ नसतात, असें संहिताकार सांगतो. निदानस्थानाच्या आठव्या अध्यायांत अपस्माराची व्याख्या करितांना हीच ‘बीभत्स चेष्टा’ त्या रोगाची खूण म्हणून सांगितली आहे. तोंडास फेंस, डोळे फिरणें, हातपाय झाडणें हा तिचा विस्तार. म्हणजे दोन रोग एकमेकांसारखे दिसतात याची जाणीव ग्रंथकारास होती, घोटाळा कोठें होईल हें त्यास ठाऊक होतें, आणि तो टाळण्यासाठीं त्यानें एक कसोटी हातीं दिली होती. नुसतें लक्षणांचें वर्णन करणें निराळें आणि दोन सारख्या दिसणाऱ्या रोगांत भेद करण्याचा नियम सांगणें निराळें. चरकाच्या या ठिकाणीं दुसरी गोष्ट घडली आहे.

त्याच अध्यायांत आणखी एक नियम आहे. मद व मूर्च्छा हे दोषांचा वेग ओसरला कीं आपोआप शमतात. संन्यास मात्र औषधावांचून शमत नाहीं. संन्यासांतील रोग्यास जागें करण्यासाठीं तीव्र अंजनें, नस्य, धूर, सुयांनीं टोंचणें, नखांखालीं पीडा देणें, केस उपटणें, दांतांनीं चावणें, खाजकुहिली घासणें असे भयंकर उपाय सांगितले आहेत. ते कठोर खरे. परंतु जो आपोआप उठणार आहे त्याला हे उपाय करूं नयेत असा विवेकही त्यांतच गर्भित आहे. बेशुद्धीचा काळ किती व ती आपोआप जाते कीं नाहीं, यावरून रोग ओळखण्याची ही रीत पुढें फार उपयोगी ठरली.

सुश्रुतसंहितेंत हा विषय उत्तरतंत्रांत आला आहे. मूर्च्छेचा अध्याय शेचाळिसावा व अपस्माराचा एकसष्टावा. उत्तरतंत्र हें मूळ संहितेस मागाहून जोडलें गेलें असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. तेव्हां काळाविषयीं येथें अधिक सावधपणा हवा. सुश्रुत मूर्च्छेचे सहा प्रकार मानतो : तीन दोषांचे तीन, आणि रक्त, मद्य व विष यांपासून होणारे तीन. मूर्च्छित मनुष्य लांकडासारखा पडतो हें त्याचें वर्णन. रक्तापासून होणाऱ्या मूर्च्छेविषयीं त्यानें एक मतभेद नोंदला आहे. रक्ताच्या वासानें माणसें मूर्च्छित होतात असें एक मत. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, तो त्या द्रव्याचा स्वभावच आहे, कारण नुसतें पाहूनही मनुष्य मोह पावतो. नुसत्या दर्शनानें देह कोसळतो, तेव्हां वास हें कारण पुरेसें नाहीं, ही या दुसऱ्या पक्षाची शंका चोख आहे. रक्त किंवा सुई पाहून येणारी घेरी हा आज मूर्च्छेचा एक सुप्रसिद्ध प्रकार मानला जातो.

सुश्रुताचे मूर्च्छेवरील उपाय पाणी शिंपडणें, स्नान, थंड लेप, पंख्याचा वारा, सुगंधी थंड पेयें असे सौम्य आहेत. महाभारतांत पुत्रांच्या वधाची वार्ता ऐकून धृतराष्ट्र मूर्च्छित होतो तेव्हां त्यावर पाणी शिंपडून वारा घालतात. वैद्याचा व काव्याचा उपचार एकच दिसतो. अपस्माराच्या अध्यायांत सुश्रुतानें निराळाच वाद सोडविला आहे. हा रोग कारणावांचून येतो व उपायावांचून जातो, म्हणून तो दोषांपासून झालेला नाहीं असें कांहीं लोक म्हणत. यावर त्याचें उत्तर असें कीं, पाऊस पडत असला तरी जमिनींतील कांहीं बीजें शरदृतु आल्यावरच उगवतात. त्याप्रमाणें देहांत दडून राहिलेले दोष आपल्या वेळीं प्रकट होतात. रोग अधूनमधून दिसतो म्हणून तो दैवी ठरत नाहीं, हा या दृष्टान्ताचा निष्कर्ष. माधवनिदानानें पुढें मूर्च्छा सतराव्या व अपस्मार एकविसाव्या प्रकरणांत स्वतंत्रपणें घालून हा भेद पाठ्यग्रंथांत पक्का केला.

ग्रीसमध्यें याच प्रश्नाची चर्चा दुसऱ्या बाजूनें झाली. हिपोक्रेटीसच्या नांवावर चालणाऱ्या ग्रंथसमूहांत ‘पवित्र रोगा’वरील एक निबंध आहे, त्याचा काळ इ. स. पू. ४०० च्या सुमाराचा मानतात. अपस्मार इतर रोगांहून अधिक दैवी नाहीं, त्याचें स्थान मेंदूंत आहे, आणि मंत्रतंत्र करणारे आपलें अज्ञान देवाच्या नांवाखालीं झांकतात, असें हा निबंधकार निर्भीडपणें सांगतो. त्याच समूहांतील सूत्रग्रंथांत मूर्च्छेविषयीं एक सूत्र आहे : ज्यांना उघड कारणावांचून वारंवार व जोराची मूर्च्छा येते ते एकाएकीं मरतात. चरक-सुश्रुतांत मूर्च्छा सामान्यतः आपोआप शमणारी. येथें तिच्या एका प्रकारांत मृत्यूची सूचना. दोन्ही निरीक्षणें खरीं आहेत, कारण मूर्च्छा ही एक नसून अनेक आहेत, हें समजावयास अठरावें शतक उजाडावें लागलें.

इ. स. १७६१ मध्यें इटलींतील मोर्गान्यी यानें आपल्या महाग्रंथांत मंद नाडी व वारंवार बेशुद्धि यांची सांगड असलेला रोगी वर्णिला. आयर्लंडांत रॉबर्ट ॲडम्सनें १८२७ मध्यें व विल्यम स्टोक्सनें १८४६ मध्यें तशाच रोग्यांचें वर्णन केलें, आणि हृदयाचे ठोके कांहीं काळ थांबल्यामुळें येणाऱ्या या बेशुद्धीस त्यांचीं नांवें मिळालीं. हिपोक्रेटीसच्या सूत्रांतील एकाएकीं मरणारे लोक बहुधा याच किंवा याच्या जवळच्या वर्गांतील असावेत. या शोधाचें फळ शंभर वर्षांनीं मिळालें. ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्वीडनमध्यें ओके सेनिंग व रूने एल्मक्विस्ट यांनीं आर्ने लार्सन या रोग्याच्या शरीरांत हृदयास ठोके देणारें यंत्र प्रथमच पूर्णपणें बसविलें. त्यास दिवसांतून अनेक वेळां असे झटके येत. यंत्रें पुढें अनेकदां बदलावीं लागलीं, परंतु लार्सन इ. स. २००१ पर्यंत जगला.

अपस्माराच्या बाजूनें ह्यूलिंग्ज जॅक्सन यानें १८७३ मध्यें निर्णायक विचार मांडला. मेंदूच्या करड्या भागांतून अकस्मात्, अतिरिक्त व वेगानें होणारा शक्तीचा उत्सर्ग म्हणजे अपस्मार, अशी त्याची व्याख्या. विल्यम गॉवर्सनें १९०७ मध्यें ‘अपस्माराचा सीमाप्रदेश’ या अर्थाच्या नांवाचें पुस्तक लिहून मूर्च्छा, भोवळ, अर्धशिशी इत्यादि अवस्था अपस्माराच्या शेजारीं ठेवून तपासल्या. साध्या घेरीचें यंत्र १९३२ मध्यें टॉमस लुइस यानें उलगडलें. भय, वेदना, रक्ताचें दर्शन, फार वेळ उभें राहणें यांनीं व्हेगस नांवाची मज्जा हृदयाची गति मंद करिते व त्याच वेळीं रक्तवाहिन्या सैल पडतात. ॲट्रोपीन दिल्यास गति पुन्हां वाढते, परंतु रक्तदाब खालींच राहतो. म्हणून वाहिन्यांचें सैल पडणें हें मुख्य कारण, असें त्यानें दाखविलें. इ. स. १९४४ मध्यें इंग्लंडांत स्वयंसेवकांचें रक्त काढून केलेल्या प्रयोगांत बार्क्रॉफ्ट, एडहोम व त्यांचे सहकारी यांना असें दिसलें कीं, घेरी येतांना हाताच्या स्नायूंतील रक्ताचा ओघ वाढतो. स्नायूंकडे रक्त वळलें आणि मेंदूस तें कमी पडलें, असा याचा अर्थ.

मेंदूस रक्त न मिळाल्यास शुद्धि किती वेळ टिकते? रॉसेन, कॅबॅट व अँडरसन यांनीं १९४३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गळ्याभोंवतीं हवेनें फुगणारा पट्टा बांधून मेंदूचा रक्तपुरवठा क्षणमात्र थांबविला. पांच ते दहा सेकंदांत शुद्धि जाते असें आढळलें. दरम्यान येना येथें हान्स बर्गर यानें १९२४ मध्यें मनुष्याच्या मेंदूचा विद्युल्लेख घेतला व १९२९ मध्यें तो प्रसिद्ध केला. या साधनानें १९५७ मध्यें गास्तो व फिशर-विल्यम्स यांनीं मूर्च्छेचा अभ्यास केला. मूर्च्छेंत लेखाच्या लाटा प्रथम मंद व मोठ्या होतात, आणि हृदय अधिक काळ थांबल्यास लेख सपाट होतो; अपस्मारांत याच्या उलट तीव्र लाटांचा उद्रेक दिसतो. ग्रीक शब्दांत सूचित झालेला भेद येथें कागदावर उमटला : एकींत मेंदू गप्प होतो, दुसऱ्यांत तो वाजवीपेक्षां फाजील काम करितो.

आतां चरकाच्या कसोटीकडे परत येऊं. ‘बीभत्स चेष्टा’ असली तर अपस्मार, नसली तर मूर्च्छा, हा नियम कितपत टिकला? इ. स. १९९४ मध्यें लेंपर्ट व त्याच्या सहकाऱ्यांनीं बर्लिन येथें निरोगी तरुणांना मुद्दाम घेरी आणून त्यांचें चलच्चित्र घेतलें. पूर्ण बेशुद्ध झालेल्या ४२ जणांपैकीं शेंकडा ९० जणांच्या अंगांत झटके दिसले. अनेकांचे डोळे उघडे राहून वर फिरले, कित्येकांस भास झाले. बेशुद्धीचा काळ सरासरीनें सुमारें १२ सेकंदांचा. म्हणजे साध्या मूर्च्छेंतही हातपाय झटकतात, आणि गास्तोच्या लेखांप्रमाणें दीर्घ मूर्च्छेंत शरीर ताठतें तें मेंदूचा वरचा थर गप्प असतांना. यावरून ‘चेष्टा’ ही एकटी कसोटी अपुरी ठरते. जुना नियम शब्दशः धरल्यास घेरीच्या रोग्यास अपस्मारी ठरविण्याची चूक होईल; आणि ती चूक विसाव्या शतकांतील सुसज्ज रुग्णालयांतूनही झाली आहे. मँचेस्टर येथील झैदी व त्याच्या सहकाऱ्यांनीं २००० मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत अपस्मारी म्हणून उपचार चाललेल्या ७४ रोग्यांची पुन्हां तपासणी झाली. त्यांपैकीं ३१ जणांच्या झटक्यांचें दुसरेंच कारण निघालें. या पाहणींत निवडलेले रोगी मुळांतच संशयास्पद होते, हें ध्यानांत ठेवावें; हें प्रमाण सर्व रोग्यांस लागू करूं नये.

परंतु चरकाचा दुसरा नियम, म्हणजे काळाचा व शुद्धीवर येण्याच्या रीतीचा, टिकला आहे. आजचा वैद्य जीं लक्षणें विचारतो तीं अशीं. पडण्यापूर्वीं घाम, मळमळ, डोळ्यांपुढें अंधारी होती काय? मनुष्य उभा होता, उकाड्यांत होता, रक्त किंवा सुई पाहत होता काय? चेहरा पांढरा पडला कीं निळसर झाला? झटके कांहीं सेकंद होते कीं मिनिटभर व एकसारखे? जीभ कडेला चावली गेली काय? उठल्यावर तो लगेच ओळखीनें बोलूं लागला, कीं बराच वेळ गोंधळलेला होता? पहिल्या पक्षाचीं उत्तरें मूर्च्छेकडे नेतात, दुसऱ्या पक्षाचीं अपस्माराकडे. कपडे ओले होणें दोहोंतही घडतें, म्हणून त्यावर भिस्त ठेवूं नये. परिश्रम करतांना किंवा निजलेल्या स्थितींत आलेली, छातींत धडधडीनंतर आलेली, किंवा घराण्यांत तरुणपणीं आकस्मिक मृत्यु झालेल्याची मूर्च्छा मात्र हृदयाची समजून तत्काळ तपासावी. बहिऱ्या मुलांत अशी मूर्च्छा व आकस्मिक मृत्यु एकत्र असल्याचें १९५७ मध्यें येर्व्हेल व लांगे-निल्सेन यांनीं दाखविलें. अशा मुलांस अपस्मारी समजणें प्राणघातक ठरूं शकतें.

उपचाराचाही भेद येथूनच निघतो. घेरी आलेल्यास आडवें निजवावें व पाय उंच करावे. चारचौघांनीं धरून उभा किंवा बसता ठेवल्यास मेंदूस रक्त पोहोंचण्यास उशीर होतो व झटके वाढतात. अपस्मारांत रोग्यास कुशीवर वळवावें, भोंवतालच्या टणक वस्तु दूर कराव्या, तोंडांत चमचा वा बोट घालूं नये. कांदा किंवा जोडा हुंगविण्याची चाल दोहोंतही निरुपयोगी आहे. तिची कीर्ति कशी झाली हें चरकाच्याच वाक्यावरून समजतें : वेग ओसरला कीं रोगी आपोआप उठतो, आणि श्रेय त्या वेळीं ज्याच्या हातांत जोडा असेल त्यास मिळतें.

शेवटीं दबक्या आवाजाचा प्रश्न. हिंदु विवाहाच्या १९५५ च्या कायद्यांत १९७६ च्या दुरुस्तीनें अशी अट आली कीं, वधू किंवा वर यांस वेडाचे अथवा अपस्माराचे वारंवार झटके येत नसावेत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यांतही तशीच भर पडली. १९९९ च्या दुरुस्तीनें दोन्हीं कायद्यांतून ‘अपस्मार’ हा शब्द वगळण्यांत आला. तेवीस वर्षें हा शब्द तेथें होता. या काळांत ज्या मुलीला देवळाच्या रांगेंत उकाड्यानें घेरी आली आणि जिच्या झटकणाऱ्या हातांकडे पाहून कोणी ‘फेपरें’ म्हटलें, तिच्या बाबतींत निदानाची चूक कायद्यापर्यंत जाऊं शकत होती. खऱ्या अपस्मारी मनुष्यावर तर तो अन्यायच होता. कारण १९१२ मध्यें हाउप्टमाननें फेनोबार्बिटालचा व १९३८ मध्यें मेरिट व पुटनम यांनीं फेनिटॉइनचा उपयोग दाखविल्यापासून पुष्कळ रोग्यांचे झटके औषधानें आटोक्यांत राहूं लागले होते. कायदा बदलला तरी घरोघरची समजूत त्याच वेगानें बदलली असें म्हणतां येत नाहीं.

या सर्वांवरून इतिहासाच्या अभ्यासकांना एक सूचना करावीशी वाटते. बखरींत, पत्रांत किंवा पोथींत ‘मूर्च्छा आली’, ‘झीट आली’, ‘फेपरें होतें’ असे शब्द आढळले म्हणजे त्यावरून व्यक्तीचा रोग ठरविण्याची घाई करूं नये. लेखकानें काय पाहिलें, किती वेळ पाहिलें, पडण्यापूर्वीं व उठल्यावर काय घडलें, हें नोंदलें असेल तरच कांहीं अनुमान काढावें. नसेल तर शब्द जसाच्या तसा ठेवावा. चरकानें कसोटी सांगितली हें त्याचें मोठेपण. ती पुढें अपुरी ठरली हें सांगण्यानें तें कमी होत नाहीं. जिवंत रोग्याच्या बाबतींतही नियम हाच आहे : ज्यानें पडतांना पाहिलें त्याची साक्ष आधीं घ्यावी, आणि रोगास नांव नंतर द्यावें.